बारा डोक्यांचे शहर

मार्सेल यान्कोविच यांच्या ‘फेहेर्लोफिया’ (श्वेत घोडीचा पुत्र, १९८१) या हंगेरियन अ‍ॅनिमेशनपटाकडे केवळ रंगांचा उत्सव म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. सिथियन, हूण, अवार आदी भटक्या लोकांच्या स्मृतीस तो अर्पण केला आहे. पण त्याची नजर भूतकाळात अडकत नाही. पाताळातला तीन डोक्यांचा ड्रॅगन दगडी राक्षस आहे, सात डोक्यांचा रणगाड्यासारखा, तर बारा डोक्यांचा म्हणजे गगनचुंबी इमारतींचे शहरच. लोककथेतील वाढत्या डोक्यांना दिग्दर्शकाने इतिहासाच्या पायऱ्या केले. हा मूळ कथेशी द्रोह ठरतो का? माझ्या मते नाही. जाणता कथेकरी श्रोत्यांच्या ओळखीचे भय कथेत आणतो. १९८१च्या प्रेक्षकाला दगडी राक्षसापेक्षा ते शहरच अधिक ओळखीचे होते.