हँगर म्हणजे नुसती शेड नव्हे

एचएएलवरचं बहुतेक मराठी लिखाण विमानांची नावं सांगून थांबतं. बंगळूरचं २००१ साली उघडलेलं संग्रहालयही मुख्यतः विमानं नि इंजिनंच दाखवतं. बघायला झकास, पण ज्या इमारतींत हे घडलं त्यांचं काय?

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साथीने हा कारखाना काढला. १९४२ ला सरकारने त्यांचे भाग विकत घेतले. १९४३ ला कारखाना अमेरिकन हवाईदलाकडे गेला. बांधणी मागे पडून दुरुस्ती सुरू झाली. युद्ध संपलं, आणि तिथेच रेल्वेचे डबे बनू लागले! याला कुणी उतरती कळा म्हणतं. मला अजिबात पटत नाही. मोठ्या गाळ्याची, मध्ये खांब नसलेली जागा आणि पत्र्याला रिव्हेट मारणारे हात, यांना डबा काय नि विमान काय. कारागीर कामाला राहिले, हे महत्त्वाचं.

आपल्या सांबऱ्यालाही महायुद्धातला विमानतळ आहे, हवाईदलाची प्रशिक्षण शाळा आहे. तिथल्या जुन्या बराकींत कधी काय चाललं, ते तिथे राबलेल्या म्हाताऱ्यांना विचारून यंदाच लिहून काढायला हवं.