दोन दाखले

चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर काही क्षण एक सरकारी कागद झळकतो. त्यावर 'यू', 'यूए' किंवा 'ए' असे एखादे अक्षर असते, चित्रपटाचे नाव असते, सह्या असतात. प्रेक्षक त्या वेळी खुर्ची शोधत असतो. आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मात्र हा कागद नीट वाचायला शिकले पाहिजे. आपला इतिहास पडद्यावर किती शब्दांत सांगता येईल, हे आज तो कागद देणारे ठरवीत आहेत.

प्रथम त्या अक्षरांचा अर्थ. 1952 च्या चलच्चित्र कायद्याने सार्वजनिक प्रदर्शनासाठी दाखला सक्तीचा केला. 'यू' म्हणजे सर्वांसाठी अनिर्बंध आणि 'ए' म्हणजे केवळ प्रौढांसाठी, अशा दोन मुख्य वर्गवाऱ्या होत्या. 1983 मध्ये मधली 'यूए' आली. डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा विशिष्ट प्रेक्षकवर्गासाठी 'एस' आली. 2023 च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग झाले. कोणता चित्रपट मुलांना दाखवावा याची सूचना आईबापांना मिळणे गैर नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पूर्वपरवानगीलाच आव्हान दिले, तेव्हा 1970 साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली आणि वयानुसार वर्गवारीही मान्य केली. परंतु विषय कोणता यापेक्षा तो कसा हाताळला आहे हे पाहावे, असेही त्याच निकालाने परिनिरीक्षकांना बजावले होते. निकालाचा पहिला भाग मंडळाने पाठ केला आणि दुसरा सोयीस्करपणे विसरला.

मंडळ दोन वेगळी कामे करते. एक वर्गवारीचे, दुसरे कापाकापीचे. 1983 मध्ये नावातील 'परिनिरीक्षण' जाऊन 'प्रमाणन' आले. कात्री मात्र हातातच राहिली. त्या वर्षीच्या नियमांत एक बारीक सोय होती. चित्रपटातून काही कापले असेल, तर दाखल्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोण काढायचा. काय कापले त्याची यादी दाखल्याच्या दुसऱ्या भागात. पडद्यावर दिसतो तो पहिला भाग. म्हणजे काही गेले एवढेच जाणत्याला कळावे, काय गेले ते कुणालाच कळू नये!

'फुले' या हिंदी चित्रपटाचे प्रकरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. अनंत महादेवन दिग्दर्शित हा चित्रपट जोतीरावांच्या जयंतीदिनी, 11 एप्रिल 2025 रोजी येणार होता. झलक पाहूनच काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले आणि प्रदर्शन 25 एप्रिलवर गेले. मंडळाने त्याला 'यू' दाखला दिला होता. पण 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द आणि मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढायला सांगून. कमरेला झाडू बांधण्याच्या सक्तीचा उल्लेख बदलायला सांगितला. तीन हजार वर्षांच्या गुलामीचा आकडा जाऊन त्या जागी मोघम 'कित्येक वर्षे' आली. त्याच वर्षी 'धडक 2' या चित्रपटाला सोळा वर्षांवरील प्रेक्षकांचा दाखला मिळाला. तिथेही जातिवाचक शब्द बदलावे लागले. हे दोन दाखले शेजारी ठेवून पाहावेत. एका चित्रपटाचा प्रेक्षक पाच वर्षांचे मूलही असू शकते, दुसऱ्याचा कॉलेजात जाणारा तरुण. कात्री दोन्हीकडे त्याच जागी चालली. प्रश्न वयाचा असता, तर वय वाढल्यावर शब्द परत आला असता.

हे मी शिकवतो त्या मुलांच्या संदर्भात मला अधिकच विचित्र वाटते. महाडच्या महाविद्यालयात पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून, बिरवाडी-विन्हेऱ्याकडून मुले येतात. प्रवेशाच्या वेळी त्यांच्या हातात दुसरा एक सरकारी दाखला असतो : जातीचा. त्यावर जातीचे नाव ठसठशीत लिहिलेले असते. नंतर त्याची पडताळणी होते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर तोच शब्द होता की नाही, ते शोधायला बाप तालुक्याला खेटे घालतो. 1956 साली धर्म बदलला तरी मूळ जात कागदावरून सुटत नाही. शिष्यवृत्तीसाठी हा शब्द लिहून देणे शासनाने सक्तीचे केले आहे आणि जोतीरावांनी कुणासाठी शाळा काढल्या हे सांगताना तोच शब्द उच्चारणे शासनाच्याच मंडळाला खटकते. जात आहे हे मान्य, ती आमच्या नावापुढे लिहिणेही मान्य. ती कुणी लादली आणि कशी राबवली, हे सांगण्याची वेळ आली की दाखला देणारा हात थरथरतो.

मंडळाची बाजू घेणारे म्हणतील, हे शब्द अवमानकारक आहेत. तुमच्याच भल्यासाठी ते काढले. हा युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा लागेल, कारण 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने चारचौघांत जातीवरून अपमान करणे गुन्हा ठरवले आहे आणि त्या कायद्यासाठी आपणच लढलो आहोत. पण तो कायदा हेतू पाहतो. अपमान करण्यासाठी उच्चारलेला शब्द आणि अपमानाची साक्ष देण्यासाठी उच्चारलेला शब्द, यांत आरोपी आणि फिर्यादी यांच्याइतके अंतर आहे. फिर्यादीच्या जबानीतून शिवी खोडली, तर खटल्यात उरते काय?

दलित साहित्याने हा वाद केव्हाच ओलांडला. 1972 च्या 'गोलपिठा'ने आणि 1978 च्या 'बलुतं'ने मराठी वाचकाला जे ऐकवले, ते छापण्यापूर्वी कोणत्याही मंडळाकडे जावे लागले नाही. जावे लागले असते, तर 'बलुतं'ची किती पाने उरली असती? याचे उत्तर 2025 मध्ये मिळाले. 'चल हल्ला बोल' या चित्रपटातील नामदेव ढसाळांच्या कवितांवर आक्षेप घेताना मंडळाकडून 'कोण ढसाळ?' असा सवाल आल्याची बातमी गाजली. ज्या कवीला शासनाने 1999 मध्ये पद्मश्री दिली, तो शासनाच्याच एका खोलीत अनोळखी ठरतो, हे अज्ञान एका व्यक्तीचे असते तर हसून सोडून देता आले असते.

एक जुना निकाल आपण विसरू नये. 'ओरे ओरु ग्रामथिले' या तमिळ चित्रपटात ब्राह्मण मुलगी खोटा जातीचा दाखला घेऊन नोकरी मिळवते. चित्रपटाचा रोख जातीवर आधारलेल्या आरक्षणाविरुद्ध होता. त्याला 'यू' दाखला मिळाला. मद्रास उच्च न्यायालयाने तो रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये तो पुन्हा बहाल केला आणि निदर्शनांच्या धमकीपुढे शासनाने मान तुकवू नये असे सांगितले. चित्रपट आपल्या विरोधातला होता, तरी हा निकाल मला योग्य वाटतो. मात्र तोच गज 'फुले'लाही लावा, एवढी मागणी करण्याचा अधिकार त्यातूनच मिळतो.

आता दाखला नसलेल्या चित्रपटांविषयी. दाखला नाही म्हणजे काहीतरी चावट असणार, असा समज आमच्या मुलांत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' या अणुबॉम्बविरोधी माहितीपटात मंडळाने एकवीस ठिकाणी कात्री मागितली होती. बुद्धाच्या नावाचा वापर करून केलेल्या अणुचाचणीवर टीका करणाऱ्या दलित नेत्याचे भाषण त्यांत होते. 2003 साली मुंबई उच्च न्यायालयात चित्रपट अखंड सुटला. संध्या सुरी यांचा 'संतोष' दलित मुलीच्या हत्येचा तपास दाखवतो. 2024 मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला, ब्रिटनने ऑस्करसाठी पाठवला. भारतात मात्र मंडळाने मागितलेली कापाकापी निर्मात्यांना मान्य झाली नाही आणि तो चित्रपटगृहांत आला नाही. अपिलाचे न्यायाधिकरण 2021 मध्ये रद्द झाले; आता थेट उच्च न्यायालय. वकिलाची फी ज्याला झेपते त्याचेच सत्य अखंड राहणार!

मोबाइलवरील चित्रपटांना मंडळाचा दाखला लागत नाही. 2021 च्या नियमांनुसार कंपन्याच वयाची वर्गवारी लावतात. पण ज्याच्याकडे वर्गणी आणि रेंज आहे त्याचीच ही मोकळीक आहे. आमच्या वाड्यावस्त्यांत दोन्ही बेताचेच.

महाडच्या माणसाला 'सर्वांसाठी खुले' या शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव 1924 चा आहे. 20 मार्च 1927 पर्यंत तो दप्तरात होता, ओंजळीत पाणी आले नव्हते. 'यू' हे अक्षरही तसाच एक ठराव आहे. दार उघडे, पण आत जाताना आपले नाव बाहेर ठेवून जायचे.

म्हणून मागणी नेमकी करावी. मंडळाने वय सांगावे, शब्द कापू नयेत. जे कापले, त्याची यादी कारणांसह पडद्यावर दाखवावी. आणि तोवर शिक्षकांनी वर्गात चित्रपटाबरोबर त्याची कापलेली यादीही वाचावी. 'फुले' पाहून आलेल्या मुलाला कोणते शब्द गेले हे कळले, तर त्या गेलेल्या शब्दांचा अर्थ तो आजीला विचारील. तिला दाखला लागत नाही.