‘आम्ही’ आणि ‘आपण’ : नागर अवकाश, सामाईकता आणि वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’

मराठी समीक्षेने नागर जीवनाचा विचार प्रामुख्याने ‘महानगरीय जाणीव’ या संज्ञेच्या आधारे केला. गर्दी, यांत्रिकता, एकाकीपण आणि परात्मता ही त्या विचाराची परिचित आशयसूत्रे होत. या मांडणीत नगरातील सामाईक गोष्टी, म्हणजे नळ, गॅलरी, तळे, चौक, सभेचा मांडव, केवळ पार्श्वभूमी म्हणून उरल्या. त्या कोणाच्या मालकीच्या, त्यांवर कोणाचा शब्द चालतो, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत क्वचितच आला. याच मांडणीचा दुसरा परिणाम असा, की तालुक्याचे गाव कोणत्याच कप्प्यात बसले नाही. ‘ग्रामीण’ म्हणजे शेतशिवार आणि ‘आदिवासी’ म्हणजे अरण्य, असे समीकरण रूढ झाल्यावर नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर यांसारखी गावे वाङ्मयीन नकाशावरून वगळली गेली.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. नगरांत राहणाऱ्यांचे प्रमाण मात्र साधारण एक षष्ठांश. बाजार, कचेरी, न्यायालय, मोर्चा आणि सभा या निमित्तांनी बहुसंख्य आदिवासी समाज ज्या नगरांत येतो, तेथील जागांशी त्याचे नाते काय, हा प्रश्न म्हणूनच गौण ठरत नाही. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता या प्रश्नाच्या संदर्भात वाचली पाहिजे.

तत्पूर्वी सामाईकतेची दोन परिचित रूपे लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिले रूप चाळीचे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (१९५८) चाळ मालकाच्या नावाने ओळखली जाते, तिचे चैतन्य मात्र भाडेकरूंचे आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूचा ताबा सुरक्षित झाला; परिणामी दुरुस्तीत मालकाचा रस उरला नाही. जिने आणि कठडे यांची मालकी एकाची, वापर सर्वांचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी ही अवस्था. तरीही या सामाईकतेत एक गोष्ट गृहीत आहे : जे बिऱ्हाडकरू आहेत ते सर्व ‘आपण’ आहेत. त्यांची भांडणे कुटुंबांतर्गत आहेत आणि विनोद त्या गृहीतावरच उभा आहे. आत कोणाला येता आले नाही, हा प्रश्न त्या कृतीच्या चौकटीत उद्भवत नाही.

दुसरे रूप महाडचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला. १९२४मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले. तरी प्रत्यक्ष पाण्याला हात लागण्यासाठी २० मार्च १९२७चा सत्याग्रह व्हावा लागला. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि तळे सार्वजनिक नसून खाजगी स्वरूपाचे आहे, असा दावा स्पृश्यांच्या वतीने न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. जोपर्यंत सर्वांना प्रवेश नव्हता, तोपर्यंत तळ्याचे ‘सार्वजनिक’ असणे कोणालाच खटकले नाही. प्रवेशाची मागणी होताच ते ‘खाजगी’ ठरू लागले. ‘सार्वजनिक’ या शब्दातील ‘सर्व जन’ कोण, याची व्याख्या अगोदरच झालेली होती, हे या प्रकरणाने उघड केले.

‘स्टेज’ ही कविता यापुढचा प्रश्न विचारते. येथे प्रवेश नाकारलेला नाही. सभा आदिवासींच्या दुःखाविषयी आहे आणि आदिवासी सभेला उपस्थित आहेत. मात्र त्यांनी कोठे बसायचे हे हाताने दाखवून दिले जाते. त्यांचे दुःख वर उभे राहून इतर लोक त्यांनाच सांगतात. त्यांनी दबक्या आवाजात व्यक्त केलेली शंका उद्धटपणा ठरते. मराठीत जमीन ‘नावावर’ असणे म्हणजे मालकी. या सभेत विषय ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्या ताब्यात तो नाही.

ही कविता ज्या अनुभवभूमीतून आली ती लक्षणीय आहे. सोनवणे हे शहादा परिसरातील श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाने आणि १९७२मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने परहस्ते गेलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा राज्याचा कायदा १९७४चा आहे. जमिनीवरील हक्काची भाषा जेथे घडली, तेथेच बोलण्याच्या जागेवरील हक्काचा प्रश्न उपस्थित व्हावा, हे स्वाभाविक आहे.

शीर्षकातील शब्दयोजनाही अर्थगर्भ आहे. ‘व्यासपीठ’ या शब्दात व्यासाचे आसन आहे, म्हणजे सांगणाऱ्याचा अधिकार परंपरेने मान्य झालेला आहे. ‘स्टेज’ हा तालुक्याच्या गावातील रोजच्या बोलण्यातला शब्द. ते फळ्या आणि सतरंज्यांचे, सकाळी उभारून रात्री मोडायचे. ते चढता येईल इतक्याच उंचीचे असते. म्हणूनच त्यावर न जाणे ही उंचीची अडचण नसून संबंधांची आहे, हे कविता त्या साध्या शब्दाने सूचित करते.

कवितेचे मर्म तिच्या सर्वनामात आहे. मराठीत ‘आम्ही’मधून ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामावला जातो. सामाईकतेचे व्याकरण ‘आपण’चे आहे. सभेतील वक्त्याची भाषाही बहुधा तीच असते. सोनवणे मात्र ‘आम्ही’ सोडत नाहीत. दुःखाची वाटणी झालेली नसताना ‘आपण’ म्हणणे हे त्यांना मान्य नाही.

ही कविता कार्यकर्ते आणि समाज यांच्यातील ताणाची आहे, तिला नागर अवकाशाच्या चर्चेत ओढणे योग्य नाही, असा आक्षेप संभवतो. परंतु तो ताण कवितेत व्यक्त होतो तो वर-खाली, उभे-बसलेले, दाखवलेली जागा या अवकाशीय संकेतांतूनच. हेन्री लफेव्हर यांनी १९६८मध्ये मांडलेली ‘नगरावरील हक्का’ची संकल्पना नगराच्या घडणीतील सहभागाला महत्त्व देते. ‘स्टेज’ त्या सहभागाची एक किमान अट सांगते : जागेचा वापर करू देणे पुरेसे नाही, तिचा अर्थ ठरविण्यात वाटा हवा.

‘आम्ही’चा आग्रह स्वतःच एक नवी भिंत होण्याची शक्यता असते, हे नाकारता येणार नाही. कविता त्या शक्यतेचे उत्तर देत नाही. मात्र ‘आपण’ हा शब्द वरून उच्चारून सिद्ध होत नाही, एवढे ती निःसंदिग्धपणे दाखवते. चाळीत तो गृहीत होता, महाडला तो न्यायालयात सिद्ध करावा लागला, शहाद्याच्या परिसरात तो कवितेने रोखून धरला. या तिन्हींना एकत्र वाचले तर ‘महानगरीय’ आणि ‘आदिवासी’ ही वर्गवारी कोठे अपुरी पडते ते लक्षात येते. तालुक्याच्या गावातील सभेच्या मांडवालाही नागर साहित्याच्या विचारात स्थान द्यावे लागेल.