तारखेला न आलेला माणूस

आज आपण एकच निबंध घेऊन बसू. 'ह्यूमन डिसिजन्स अँड मशीन प्रेडिक्शन्स', 2018 साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये छापून आलेला. क्लाइनबर्ग, लक्कराजू, लेस्कोवेक हे संगणकशास्त्राकडचे. लुडविग आणि मुल्लैनाथन अर्थशास्त्राकडचे. प्रश्न न्यूयॉर्कचा: अटक झालेल्याला खटल्यापर्यंत सोडायचं की कोठडीत ठेवायचं? तिथल्या कायद्यानुसार तेव्हा न्यायाधीशाने एवढंच पाहायचं होतं, की हा तारखेला येईल का.

गोची अशी, की ज्याला कोठडीत ठेवलं तो आला असता का, हे कधी कळतच नाही. नुसता संगणकवाला इथेच अडकतो. पण खटले न्यायाधीशांकडे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखे जातात. म्हणजे मवाळ आणि कडक न्यायाधीशांसमोरची माणसं साधारण सारखीच. मग मवाळाने सोडलेल्यांतून मॉडेलला सर्वांत धोक्याचे वाटतात ते वगळत जायचं, कडकाच्या प्रमाणापर्यंत, आणि ताडून पाहायचं. ही अर्थशास्त्राची चाल आहे, आणि ती आम्हाला मनापासून आवडली. एकाने गणित करायचं, दुसऱ्याने प्रस्तावना लिहायची, असलं सहकार्य हे नव्हे.

पण सारांश वाचा. कोठडीचं प्रमाण तेच ठेवून गुन्हे 24.7 टक्क्यांपर्यंत घटतील, म्हणतात. कुठले गुन्हे? न्यूयॉर्कच्या आकड्यांत मोजलंय ते मुख्यतः तारखेला न येणं! कोर्टाची पायरी चढलेल्याला विचारा तारीख का चुकते. मजुरी बुडते, मूल कुणाकडे ठेवायचं कळत नाही, कागदावर तारीख कुठे लिहिलीय तेच सापडत नाही. (कोठडी 41.9 टक्क्यांपर्यंत कमी करूनही गुन्हे वाढणार नाहीत, हा आमच्या मते जास्त मोलाचा आकडा. तो दुसऱ्या क्रमांकावर.)

2020 साली 'सायन्स'मध्ये फिशबेन, ऊस आणि शाह यांनी न्यूयॉर्कच्याच समन्सचा फॉर्म सुटसुटीत केल्याचा परिणाम मांडला: गैरहजेरी 13 टक्क्यांनी कमी. मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवले, तर 21. ते किरकोळ गुन्ह्यांचे समन्स होते, अटकेचे खटले नव्हेत. आकडे एकावर एक ठेवता येत नाहीत. तरी प्रश्न उरतोच: न येण्याची शक्यता त्या माणसाची, की फॉर्मची?

मॉडेल ती माणसाच्या नावावर टाकतं, कारण निकालाचा रकाना कोर्टाच्या नोंदीतून जसाच्या तसा उचललेला. कोर्टाबाहेरच्या बाकावर आरोपींसोबत चार महिने बसलेला कुणी समाजशास्त्रज्ञ त्या पाचांत असता, तर त्याने आधी तो रकाना फोडायला लावला असता. पळालेले वेगळे, विसरलेले वेगळे.