बिऱ्हाडकरू आणि मराठी वाङ्मय

मराठी गद्यात घराला तोटा नाही. वाडा आहे, चाळ आहे; ओटी, माजघर, परसू सारे आहे. वाण आहे ती घर शोधणाऱ्या माणसाची. त्यातही लहान गावी नोकरीनिमित्त येऊन पगारात बसेल अशा भाड्याची जागा दारोदार विचारीत हिंडणाऱ्या गृहस्थास आमच्या ग्रंथकारांनी जवळजवळ उपेक्षिलेच आहे. हा विषय क्षुल्लक होय असे ज्यास वाटत असेल, त्याने एकदा आरोंद्यास जाऊन यावे.

आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातील तेरेखोल नदीकाठचे गाव, पैलतीरी गोवा. या किनाऱ्यावरील कित्येक चिरेबंदी घरांचे कुलूप चाकरमानी चतुर्थीस वा शिमग्यास आला म्हणजेच निघते. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, ती २०११ च्या खानेसुमारीत ८,४९,६५१ वर उतरली. माणसे घटली, घरे उभी राहिली. तेव्हा जागा स्वस्त व सुलभ असावी, हा झाला सरळ हिशेब. पण घर एकाचे नसते. आजोबांच्या नावची मिळकत चार चुलत्यांत सामाईक. एकाने होकार दिला की दुसरा विचारतो, चतुर्थीस आम्ही उतरावे कोठे? त्याहून मोठी धास्ती कायद्याची. १९४८ च्या कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली, ही आठवण कोकणात अद्याप ताजी आहे. शेताचे कूळ निराळे, घरातला भाडेकरू निराळा. परंतु भय असले भेद जाणत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. त्याला तो खटाटोप नको, म्हणून ‘ओळखीचे कोणी असेल तर बघू’ एवढ्यावर बोलणे संपते. आणि घर दुरुस्त केलेच, तर महिन्याच्या बोलीपेक्षा पर्यटकास रात्रीच्या दराने देणे अधिक किफायतीचे!

हे ध्यानी ठेवून आपले ग्रंथ उघडावेत. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) ही भाडेकरूंची कथा खरी, पण ती जागा मिळून चुकलेल्यांची. १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस जखडले. मालकास दुरुस्तीत गोडी उरली नाही आणि भाडेकरूस जागा सोडण्यात. चाळीतला सारा विनोद, कोणासच तेथून हलता येत नाही, या एका गोष्टीवर तोललेला आहे.

आरोंद्याच्या शेजारी शिरोडे. तेथील शाळेत वि. स. खांडेकर १९२० साली शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. ‘दोन ध्रुव’ आणि ‘उल्का’ ही याच काळातली अपत्ये. परगावचा मनुष्य लहान गावात कसा रुजतो हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? परंतु त्यांच्या प्रतिभेस महाल आणि झोपडी यांचा विरोध प्रिय. मधला, भाडे वजा जाता काय उरेल हे बोटांवर मोजणारा बिऱ्हाडकरू त्यांच्या रूपकांत मावला नाही.

जयवंत दळवी यांचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्यांची नजर अधिक निर्दय होती. शिरोड्यास लागून असलेले आरवली हे त्यांचे गाव. १९६३ साली ‘चक्र’ आणि १९६४ साली ‘सारे प्रवासी घडीचे’ अशी त्यांची दोन पुस्तके पाठोपाठ आली. पहिल्यात मुंबईच्या झोपडपट्टीतील निराधार माणसे आहेत. डोक्यावर छप्पर नसणे म्हणजे काय, हे तेथे एकही अश्रू न ढाळता सांगितले आहे. दुसऱ्यात गाव आहे, आणि निवेदक गावचाच. प्रत्येक दार त्यास आतून माहीत आहे. ज्या लेखकाने शहरातला बेघर एवढा स्पष्ट पाहिला, त्यास गावात तो दिसू नये, यात दळव्यांचा दोष थोडा. गावात ‘आपला’ नसलेला मनुष्य दृष्टीसच पडत नाही, हा गावाचाच गुण होय.

तो दिसला एका निराळ्याच लेखकाला. बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा त्याच नावाच्या संग्रहात १९६३ मध्येच प्रसिद्ध झाली. रेल्वेच्या नोकरीवर सुरतेजवळ उधन्यास रुजू झालेला दलित तरुण राहण्यास जागा पाहू लागतो, आणि पहिला प्रश्न येतो तो जातीचा. पुढे जे घडते ते मारहाणीपर्यंत जाते. समीक्षकांनी ही विद्रोहाची कथा म्हणून वाखाणली, ते योग्यच. पण तिची सुरुवात किती साध्या गरजेतून होते, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. एक खोली हवी असते, एवढेच.

बंद घरावरचे हळवे ललित लेख हल्ली मुबलक झाले आहेत. वाळलेली तुळस, आजीची आठवण, गंजलेले कुलूप हा त्यांचा ठरलेला सरंजाम. त्याच ओटीसमोर उभी असलेली आरोग्यकेंद्रातील परिचारिका त्यांत कधी येत नाही. कौले गळतात काय, वैशाखात विहिरीला पाणी राहते काय, एस्टीचा थांबा किती लांब, अनामत किती, हे तिला विचारायचे असते. शेजारच्या ओटीवरून मात्र तिला आधी आडनाव विचारले जाते.