उसनी पात्रं, स्वतःचं दुःख : ‘फॅनगर्ल’ वाचताना

आज आपण बोलणार आहोत रेनबो रॉवेल या अमेरिकन लेखिकेच्या ‘फॅनगर्ल’ या २०१३ सालच्या कादंबरीवर. विशीच्या आतल्या वाचकांसाठीचं हे पुस्तक, सत्तरी ओलांडलेल्यांनी त्यावर काय बोलायचं, असं आम्हालाही सुरुवातीला वाटलं होतं. पण या पुस्तकात एक प्राध्यापिका आहे आणि तिच्यात आम्हाला आम्ही दिसलो. म्हणून हा विषय घेतला.

कथानक थोडक्यात सांगतो. कॅथ आणि रेन या जुळ्या बहिणी. आईनं पोटात एकच मूल धरून ‘कॅथरिन’ हे एकच नाव ठरवलेलं होतं; दोन मुली झाल्यावर त्याच नावाचे दोन तुकडे करून वाटून टाकले. मुली आठ वर्षांच्या असताना ही आई घर सोडून गेली. वडील प्रेमळ, पण मनाच्या आजारानं अधूनमधून पार कोलमडणारे. मुली ओमाहा सोडून लिंकनला, नेब्रास्का विद्यापीठात येतात. रेन सांगते, आता आपण एका खोलीत राहायचं नाही. कॅथ एकटी पडते. इतकी बुजरी, की जेवणाच्या हॉलमध्ये कुठून शिरायचं, ताट कुठून घ्यायचं हे कोणाला विचारायला नको म्हणून खोलीतच प्रोटीन बार खाऊन दिवस काढते.

हीच कॅथ इंटरनेटवर मात्र हजारो वाचकांची लाडकी लेखिका आहे. सायमन स्नो या जादूगार मुलाच्या पुस्तकमालेवर ती ‘फॅन फिक्शन’ लिहिते. म्हणजे गाजलेल्या कथेतली पात्रं घेऊन वाचकानंच रचलेली नवी कथा. ही पुस्तकमालाही रॉवेलबाईंनी कल्पिलेली. मूळ मालेत सायमन आणि बॅझ शत्रू. कॅथच्या कथेत ते प्रेमात पडतात. मालेचा शेवटचा भाग बाजारात येण्याआधी तिला आपला शेवट लिहून संपवायचा आहे.

आता मुद्द्याचा प्रसंग. कथालेखनाच्या वर्गात कॅथ सायमनचीच कथा देते. प्राध्यापिका पायपर तिला नापास करतात आणि म्हणतात, ही चोरी आहे. कॅथला कळतच नाही. एकही वाक्य उचललेलं नाही, मग चोरी कशाची?

आम्हीही बरीच वर्षं पायपरबाईंच्याच बाजूला होतो. एका विद्यार्थ्यानं निबंधाऐवजी सॉक्रेटिसचा नवा संवाद रचून आणला होता. आम्ही ‘स्वतःचं लिहा’ एवढाच शेरा मारून तो परत केला. पण प्लेटोनं तरी दुसरं काय केलं होतं? गुरू गेल्यानंतर त्याच्या तोंडी नवे संवाद घातले. हा प्रश्न त्या वेळी आम्हाला सुचला नाही, याची खंत आहे.

आपल्याकडे आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात कवींमधल्या साम्याचे तीन प्रकार केलेत. एक आरशातल्या प्रतिबिंबासारखं, दुसरं चित्रासारखं, तिसरं दोन माणसांच्या देहात असावं तसं. पहिली दोन टाळावीत, तिसरं टाळायचं कारण नाही. देह मिळताजुळता असला, तरी आत जीव वेगळा असतो. म्हणजे ‘सामग्री कुणाची?’ यापेक्षा ‘जीव कुणाचा?’ हा प्रश्न महत्त्वाचा. कॅथच्या कथेत जीव कॅथचा आहे, यात आम्हाला शंका नाही.

कादंबरी हे सिद्धांतानं नाही, एका उपकथानकातून सांगते. निक नावाचा वर्गमित्र रात्री लायब्ररीत कॅथबरोबर बसून एक कथा लिहितो आणि मग ती आपल्याच नावावर लावतो. त्यात उसनं पात्र एकही नाही, सगळं ‘स्वतंत्र’. तरी चोरी तीच! कॅथ मात्र उघड सांगते, पात्रं माझी नाहीत. कर्ज मान्य करणारा आणि कर्ज लपवणारा, यांत आपण चोर कोणाला म्हणणार?

पण एवढ्यानं पायपरबाई चुकीच्या ठरत नाहीत. कॅथला स्वतःच्या जगाविषयी लिहायची भीती वाटते, कारण त्या जगात निघून गेलेली आई आहे. सायमनच्या जगात ती सुरक्षित आहे. उसनं घर हे घर असू शकतं, तसंच लपायची जागाही असू शकतं. बाईंची शिक्षा चूक होती, निदान बरोबर होतं. म्हणूनच त्यांनी नंतर दिलेली दुसरी संधी आम्हाला मोलाची वाटते. आम्ही ती दिली नव्हती.

पुस्तकातला सर्वात सुंदर भाग लीवायचा. हा हसरा मुलगा, पण छापील मजकूर वाचणं त्याला फार जड जातं. ऐकलेलं मात्र पक्कं लक्षात राहतं. कॅथ त्याला एस. ई. हिंटन यांचं ‘द आउटसायडर्स’ रात्रभर वाचून दाखवते, पुढे स्वतःच्या कथाही. पडद्याआड लिहिणारी मुलगी इथे पहिल्यांदा समोर बसलेल्या माणसाला आपला आवाज देते. बुजरेपणा सुटतो तो भाषणानं नाही, वाचनानं.

दोष आहेतच. उत्तरार्धात प्रेमकथा इतकी जागा घेते, की परत आलेल्या आईचा हिशेब उरकल्यासारखा वाटतो. रेनचं दारूपायी इस्पितळात जाणंही तसंच. आणि शेवट! शेवटी कॅथच्या ‘स्वतंत्र’ कथेला पारितोषिक मिळतं. म्हणजे फॅन फिक्शनची बाजू लढवणाऱ्या कादंबरीनंच निकाल मात्र पायपरबाईंच्या न्यायालयातून घेतला. ही माघार आम्हाला खटकते. गंमत अशी, की लेखिकेलाही सायमन सुटला नाही. २०१५ साली तिनं ‘कॅरी ऑन’ ही सायमन आणि बॅझची स्वतंत्र कादंबरीच लिहिली. कॅथच्या बाजूनं दिलेली ही सर्वात चांगली साक्ष म्हणायची.

तर मंडळी, शिकवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. विद्यार्थी उसनं घेऊन आला, तर ‘कुठून आणलंस?’ हे विचाराच. पण त्यानंतर ‘यात तू कुठे आहेस?’ हेही विचारा. आम्ही पहिलाच प्रश्न विचारून थांबलो होतो. आज इथंच थांबतो.