संशोधनाचा प्रभाव आणि त्याचे मोजमाप

विद्वानाच्या कार्याचा प्रभाव किती, हा प्रश्न जुनाच आहे. तो अंकांत सांगावा, हा आग्रह मात्र नवा. हर्श ह्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचविलेला निर्देशांक आता मानव्यविद्यांच्या अभ्यासकांनाही लावला जातो. ज्याचे दहा लेख प्रत्येकी किमान दहा वेळा उद्धृत झाले, त्याचा अंक दहा. हिशेब सुटसुटीत आहे; परंतु ह्या विद्यांतील विचार ज्या वाटांनी प्रवास करतो, त्या वाटा ह्या हिशेबात येतात काय, हे एका उदाहरणावरून तपासून पाहू.

दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनी १८९४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र मराठीत प्रसिद्ध केले. परिस्थितीने भाग पाडल्यामुळे राणी इंग्रजांविरुद्ध उभी राहिली, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. हा ग्रंथ पुढे वृंदावनलाल वर्मा ह्यांच्या वाचनात आला. वर्मा झाशी जिल्ह्यातल्या मऊरानीपूरचे. घरातील वृद्धांच्या तोंडून त्यांनी निराळीच राणी ऐकली होती. पारसनिसांचे मत त्यांना पटले नाही. त्यांनी कागद धुंडाळले, जुन्या माणसांना विचारले, आणि राणी स्वराज्यासाठी लढली, हे प्रतिपादणारी ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ ही कादंबरी १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या प्रास्ताविकात त्यांनी पारसनिसांशी असलेला मतभेद नमूद केला आहे.

झाशी जिल्ह्यातील समथर, जे पूर्वी एक लहान संस्थान होते, तेथील वाचकाची कल्पना करा. त्याच्या मनातील राणी वर्मांच्या हिंदी कादंबरीतून आली असेल. पारसनिसांचे नाव त्याने ऐकलेले नसेल. तथापि त्या मराठी ग्रंथाने जो प्रश्न उभा केला, त्याच्या उत्तराची छाया त्या वाचकापर्यंत पोहोचली आहे. ही पोच कोणत्या सारणीत मांडावयाची? कादंबरी उद्धरणांच्या नोंदीत नाही. आणि नोंद झालीच, तर खंडन व अनुमोदन ह्यांची किंमत तिथे सारखीच.

ह्यावर आक्षेप संभवतो: मोजमापच नाकारले, तर कोणीही आपला प्रभाव अगाध म्हणून मिरवील. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच प्रस्तुत लेखकास निराळी कसोटी सुचवावीशी वाटते. हा ग्रंथ नसता, तर नंतरचे कोणते लेखन आज आहे तसे झाले नसते? ह्याचे उत्तर पुराव्याने देता येते. पारसनिसांच्या बाबतीत ते वर्मांच्या प्रास्ताविकातच आहे. मात्र प्रभाव म्हणजे सत्य नव्हे, हेही ह्याच उदाहरणातून दिसते. ज्या मताने वर्मांना लिहिते केले, तेच मत त्यांना चुकीचे वाटले होते.

भाषांतरकार म्हणून एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. मराठीत लिहिलेले ग्रंथ ह्या नव्या मोजण्यांत अपवादानेच येतात. परिणामी ज्या तरुण अध्यापकाची बढती अंकावर अवलंबून आहे, त्याने आपल्या भाषेत ग्रंथ का लिहावा? पारसनिसांनी असा हिशेब केला असता, तर वर्मांना वाद घालण्यास ग्रंथच उरला नसता.